शाळेतल्या तारखेची उडी

भंडाऱ्याच्या मैदानामागच्या भिंतीवर खडूच्या खुणांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत सगळ्यांत वरची खूण आपल्याच पोराची आहे हे रत्नमालाला लांबूनही दिसत होतं. तरी खात्री करायला ती चार पावलं पुढं गेली. सकाळपासून पन्नासेक पोरांनी बोटांना खडूची पूड फासून त्या भिंतीला उड्या मारल्या होत्या. संघपालची बोटं बाकी सगळ्यांच्या वर चार बोटं उमटली होती. तिनं स्वतः पाहिलं होतं. मग दुपारी तीन वाजता खांबाला जी यादी चिकटवली गेली तिच्यात त्याचं नाव वरती काही सापडेना. ते खाली होतं, लाल रेघेच्या खाली. संघपाल अतुल गजभिये, वय १४, उडी ३५ सें.मी., आणि शेवटच्या रकान्यात कोणीतरी निळ्या शाईनं, घाईघाईत लिहिलं होतं: पायात ताकद कमी.

रत्नमालानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आधीच तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

करडीच्या पुढच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, ती अंगणवाडी सेविका होती, आणि तिचा राग टोलीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. पोरांच्या खाऊची पाकिटं बकरीपुढं रिकामी करणाऱ्या बाया ती दिसली की विहिरीच्या मागून जायच्या. तिचा नवरा अतुल म्हणे, हिला रागवायला कारण लागत नाही, जागा लागते. पण अतुल गवंडी होता, कामासाठी आठ-आठ दिवस तुमसरला राहायचा. घरात न राहणाऱ्या माणसाचं मत ती फारसं धरत नसे.

तर ती टेबलाकडे गेली. टेबलामागं मधुकरराव बसले होते, निवड समितीचे मुख्य. एका ट्रस्टनं मुलांचं निवासी बास्केटबॉल केंद्र काढलं होतं, त्यासाठी जिल्ह्यातून वीस पोरं घ्यायची होती. दहा चौदा वर्षांच्या आतली, दहा सोळाच्या आतली. राहणं, खाणं, शाळा तिथंच, आणि खेळायला लाकडी फरशीचं मैदान. त्या फरशीचा वर्तमानपत्रातला फोटो संघपालनं विज्ञानाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला होता. तो ज्या मैदानावर खेळायचा तिथं मुरूम होता, आणि रिंग धर्मेंद्र सरांनी विजेच्या जुन्या खांबाला स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलेली. धर्मेंद्र सर म्हणजे त्याच्या हायस्कुलातले खेळाचे मास्तर. आजचा फॉर्मही त्यांनीच भरला होता, शाळेचा दाखला समोर ठेवून.

रत्नमालानं आवाज शक्य तितका खाली ठेवून विचारलं, की ज्याचा हात सगळ्यांत वर लागला तो खाली कसा.

मधुकररावांना हा प्रश्न सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारला असावा. त्यांनी मान न उचलता समजावलं. आधी पोरगा भिंतीशी सपाट उभा राहतो आणि हात वर करतो, ती पहिली खूण. मग उडी मारतो, ती दुसरी. दोन्हींमधलं अंतर म्हणजे उडी. तुमच्या पोराचे हात लांब आहेत, त्याची पहिली खूणच बाकीच्यांच्या दुसरीजवळ गेली. त्यात त्याचं काय कर्तृत्व, ते देणं जन्माचं. पाय किती उचलतात ते आम्ही पाहतो. पस्तीस सेंटीमीटर उचलतात. सोळाच्या आतल्या गटाला बेचाळीस लागतात.

"अन् चौदाच्या आतल्याले?"

"चौतीस."

रत्नमाला तिथंच थांबली. टेबलावर त्यांचा छापील तक्ता होता, आडवी वयं आणि उभे सेंटीमीटर, मधून वर चढत जाणारी जाड रेघ. असला तक्ता तिला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. सात वर्षं झाली, महिन्याच्या पाच तारखेला ती टोलीतल्या प्रत्येक लेकराला वजनकाट्यावर बसवत आली होती आणि कार्डावर ठिपका देत आली होती. हिरव्या पट्ट्यात, पिवळ्यात किंवा लालमध्ये. ठिपका वजनावर ठरत नाही, वय आणि वजन या दोन्हींवर ठरतो, हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. आईनं वय दोन महिने पुढं-मागं सांगितलं की धडधाकट लेकरू लालमध्ये जाऊन पडतं. आधी महिना सांग, मग वजन, असं ती बायांवर ओरडायची.

आणि हे तिचंच लेकरू चुकीच्या रेघेवर बसलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझा पोरगा सव्वातेरा वर्षाचा आहे."

आता मधुकररावांनी मान वर केली. फॉर्म काढला, बोट ठेवून वाचला. जन्मतारीख सव्वीस जून, आज वय साडेचौदा. सही पालकाची. सही तिचीच होती. धर्मेंद्र सरांनी बोट दाखवलं तिथं तिनं सकाळी केली होती.

"ते शाळेतली तारीख आहे," ती म्हणाली. "खरी नऊ ऑक्टोबर. त्याच्या पुढच्या वर्षाची."

मागं उभे असलेले दोघे-तिघे बाप हसले. मधुकरराव हसले नाहीत, पण बोलले ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"बाई, मी हे काम बारा वर्षांपासून करून राहिलो. हरलेल्या पोराची माय पोराले लहान करूनच आणते. सकाळपासून तुम्ही पाचव्या."

रत्नमालानं चौदाच्या आतली यादी पाहिली आणि मग मैदानाकडे पाहिलं. यादीतला पहिल्या नंबरचा पोरगा नळावर तोंड धूत होता. एक्कावन्न सेंटीमीटर. त्याच्या वरच्या ओठावर दाढी केल्याची हिरवट झाक होती, आणि मांड्या अशा, की बैलजोडी नसेल तर नांगराला चालतील. तिनं बोट दाखवून विचारलं, तो तेराचा आहे का.

"त्याचा कागद बरोबर आहे," मधुकरराव म्हणाले.

त्यानंतर ती जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मिशी कागदावर येते का ओठावर, हे तिनं विचारलं. तुमच्या तक्त्यात वय लिहिलं आहे का दाखला, हेही विचारलं. धर्मेंद्र सर मधे पडले, बिचारे सगळ्यांची माफी मागत होते, तिचीही. शेवटी मधुकररावांनी पाण्याची बाटली बंद केली आणि सांगितलं, की अंतिम यादी सोमवारी दुपारी जाते. काही पुरावा असेल तर तोवर आणा. आणि हेही ध्यानात घ्या, चौदाच्या आत बसायचं त्याचं हे शेवटचं वर्ष. तुमचीच तारीख खरी मानली तरी पुढच्या जानेवारीत तो सव्वाचौदाचा होईल.

संघपाल हे सगळं बॉल काखेत धरून ऐकत होता. आई भांडायला लागली की तो दुसरीकडे पाहायचा, पण आज तो तिच्याकडे पाहत होता.

*

एसटीत तो वरठीपर्यंत बोटांवर वर्षं मोजत होता. मग विचारलं, "मी तेराचा आहो?"

तो दसऱ्यानंतरचा आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या वर्षी टोलीतली सगळी माणसं दीक्षाभूमीला गेली, रत्नमाला पोटुशी म्हणून राहिली, आणि तिसऱ्या दिवशी हा झाला. ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती. शाळेतली तारीख वेगळी आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्यात नवल काही नव्हतं. टोलीतली अर्धी पोरं सव्वीस जूनला जन्मली होती, कारण आपल्याकडे शाळा सव्वीस जूनला उघडायची आणि केवळराम गुरुजींना दुसरी तारीख पटकन सुचत नसे. सगळ्यांना दोन तारखा, एक घरची, एक शाळेतली. जशी दोन नावं असतात तशी. पण आपण कोणत्या दसऱ्यानंतरचे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं नव्हतं.

"हो," रत्नमाला म्हणाली. "त्या गुरुज्यानं सव्वा वर्ष वाढवून ठेवलं. उद्या जातो मी त्याच्याकडे."

पोरानं बॉल मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. तो गप्प का झाला याचा विचार करायला तिला सवड नव्हती. ती गुरुजींना काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होती, आणि जुळवता जुळवता करडी आलं.

*

केवळराम गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सकाळच्या उन्हात अंगणात खाटेवर बसून ते लाखोरीची डाळ निवडत होते, आणि त्यांची बायको कुंताबाई सुपातली पाखडत होती. रत्नमाला एरवी फाटकातूनच जयभीम गुरुजी म्हणायची, आणि तेही जयभीम बाई म्हणायचे. आज ती काहीच म्हणाली नाही. कुंताबाईंनी सूप खाली ठेवलं.

तिनं उभ्याउभ्याच सुरुवात केली. तुम्ही लोकांच्या पोरांच्या तारखा काय पंचांग न पाहता वाटत होते का. तुमच्या एका सहीनं माझ्या पोराचा हक्क गेला. तो तिथं मिशीवाल्यांच्या रांगेत उभा राहिला तुमच्यामुळं. पोराचं वय म्हणजे काय धानाचं पोतं-कट्टं आहे, की कोपरा भरायला दोन पायल्या वरून घालाव्या.

गुरुजींनी तिला पूर्ण बोलू दिलं. चाळीस वर्षं शाळा चालवलेला माणूस, त्याला ओरडण्याची सवय होती, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी डाळीतला खडा अंगणात टाकला.

"रत्ना," ते म्हणाले, "कान कोनं पकडवला होता त्याचा?"

तिनं पदर खांद्यावर ओढला.

"मी विसरलो असन म्हनून आलीस का? पोराचा उजवा हात डोक्यावरून घ्यायचा, डाव्या कानाले लावायचा. लागला तर सहा वर्षाचा, नाही तर घरी. दाखला नसला तर मी तेच पाहत होतो. तू म्हनलीस दाखला हरवला."

दाखला हरवला नव्हता. तो ट्रंकेत होता, लग्नाच्या साडीच्या घडीत, ग्रामीण रुग्णालयाच्या शिक्क्यासह.

तो जुलैचा महिना होता, भाताच्या रोवणीचे दिवस. संघपाल पावणेपाच वर्षांचा. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि सगळ्या बाया संध्याकाळपर्यंत चिखलात. त्या वेळी रत्नमाला सेविका नव्हती, सेविका होत्या सुंदरबाई; त्यांनी पोराला घरापाशी सोडलं, आणि पोरगा आईला शोधत बांधाबांधानं निघाला. तो सापडला बोडीत, म्हणजे शेतामागच्या त्या लहान तळ्यात, छातीइतक्या पाण्यात उभा. हसत होता. त्याला वाटलं आई पाण्यातच काम करते. रत्नमालानं त्याला बाहेर काढून आधी दोन थोबाडीत मारल्या आणि मग तिथंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून त्याला शाळेत नेलं. शाळा पाचला सुटायची. शाळेला दार होतं, कडी होती.

गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून घेतला. हात लांब, तरी कान थोडक्यात राहत होता. मग रत्नमालानं पोराची मान हळूच एका बाजूला कलती केली, आणि बोट कानाला लागलं.

"मी पाहलं होतं ते," गुरुजी म्हणाले. "पन माझ्या पटावर एकोणीस होते. विसाच्या खाली गेलं की शाळा बंद करतो म्हनून वरून चिठ्ठी आली होती. तुझ्या पोरानं वीस झाले. मी बी आंधळा झालो, तू बी झालीस. आता माझ्याच दारात कायले भांडतेस?"

ती म्हणाली, मग तेवढं लिहून द्या. दोघांचंही. गुरुजींनी मान हलवली. आता या वयात ते कोणाच्या चौकशीत उभे राहणार नव्हते. शाळेतल्या फॉर्मवर पालकाची सही आहे, त्यांनी पालकाच्या सांगण्यावरून लिहिलं, एवढंच ते म्हणतील, कोणीही विचारलं तरी.

कुंताबाई मधे पडून चहा टाकते म्हणाल्या. रत्नमालानं तो घेतला नाही. फाटकाबाहेर येईपर्यंत तिला राग होता, पण तो आता कोणावर करायचा हे ठरेना, आणि असा न ठरलेला राग तिनं आजवर कधी वाहिला नव्हता.

शाळेत ती गेलीच. नव्या मुख्याध्यापिका तुळसा मॅडमनी कपाटातून फाइल काढून दिली आणि खिडकीकडे पाहत उभ्या राहिल्या. फॉर्मवर गुरुजींचं सुबक अक्षर होतं, २६ जून. खाली छापील वाक्य, वरील माहिती खरी आहे. त्याखाली तिची सही, तेव्हाची, मोठी आणि वाकडी, र वरची रेघ कागदाच्या काठापर्यंत ओढलेली.

*

घरी संघपाल मागच्या भिंतीशी होता. त्यानं कोळशानं खुणा केल्या होत्या, खालची एक आणि वर सात-आठ, आणि अतुलची मोजपट्टी घेऊन तो अंतर मोजत होता. तिनं जेवायला हाक मारली. तो आला नाही. तिनं पुन्हा हाक मारली, जरा वरच्या आवाजात, आणि म्हणाली की त्या गुरुज्यानं लिहून द्यायला नाही म्हटलं.

"दादी सांगत होती," तो म्हणाला.

दादी म्हणजे गुरुजींच्या शेजारची पंचफुला; तिच्यापासून टोलीत काही लपून राहत नव्हतं, आणि सकाळचं सगळं बोलणं तिनं कुंपणापलीकडून ऐकलं होतं. कानाचं, मानेचं, सगळं.

रत्नमाला बोडीबद्दल सांगू लागली. छातीइतकं पाणी. तू हसत होतास. त्यानं ते मधेच तोडलं.

"दुसरीत धावायच्या शर्यतीत मी शेवटी आलो. तिसरीत बी. चौथीत कबड्डीत मले कोणी घेतच नव्हतं. तू सगळ्याइले सांगत होतीस, आमचा संघपाल नुसता उंच आहे, पायात जीव नाही त्याच्या. दूध पी, अंडे खा, जीव नाही पायात. मावशीले सांगत होतीस. सरले बी सांगतलं."

"बाबू—"

"मी सव्वा वर्ष मोठ्या पोट्ट्याइच्या मागं धावत होतो. आठ वर्षं. अन् तुले माहीत होतं."

तिला माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. तारीख माहीत होती. पण तारखेचा पायाशी संबंध असतो, सात वर्षांच्या पोराला सव्वाआठ वर्षांच्या पोरांबरोबर धावायला लावलं तर तो मागंच राहणार, हे गावातल्या प्रत्येक आईला कार्ड दाखवून समजावणारी बाई आपल्या अंगणात ते विसरली होती. तिनं त्याला दर सहा महिन्यांनी जंताची गोळी दिली होती. नागपूरला नेऊन रक्तही तपासलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पोरगा ठीक आहे, वय किती; आणि तिनं सवयीनं शाळेतलं सांगितलं होतं.

ती त्याच्यावर ओरडली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून ओरडली. तू जिवंत आहेस म्हणून बोलून राहिलास, असं काहीतरी. त्यानं मोजपट्टी गुंडाळून खिळ्याला टांगली आणि बॉल घेऊन निघून गेला. भाजीचं पातेलं तिनं चुलीवरून उतरवलं ते इतक्या जोरात, की अर्धी भाजी राखेत गेली.

दुपारी ती अंगणवाडीत गेली आणि लोखंडी पेटी उघडली. सुंदरबाईंच्या काळची रजिस्टरं तळाशी होती. एकावर उंदरानं कोपरा खाल्ला होता, पण पान शाबूत होतं: गजभिये रत्नमाला अतुल, मुलगा, नऊ ऑक्टोबर, वजन दोन किलो सातशे. पुढं पाच वर्षांचे ठिपके. सगळे हिरव्यात. ही पेटी सात वर्षं तिच्याच ताब्यात होती, किल्ली तिच्याच कमरेला.

*

सोमवारी ती भंडाऱ्याला गेली तेव्हा संघपाल येणार नाही असं तिनं धरलं होतं. तो फाट्यावर आधीच उभा होता. तिच्याशी बोलला नाही, पण एसटीत चढला.

मधुकररावांनी रुग्णालयाचा दाखला पाहिला, रजिस्टर पाहिलं. शाळेच्या फॉर्मची नक्कल पाहिली आणि तिच्यावरची सही पाहिली. ते वाईट माणूस नव्हते, हे तिला त्या दिवशी आवडलं नाही. वाईट असते तर सोपं झालं असतं.

"म्हणजे ही तारीख तुम्ही खोटी दिली होती."

"हो."

"लिहून द्याल?"

धर्मेंद्र सर तिच्या कानाशी येऊन म्हणाले की मॅडम, असं लेखी देऊ नका, तुम्ही सेविका आहात, सुपरवायझरपर्यंत जाईल, उद्या सगळ्या टोलीच्या तारखा तपासतील. ते खरं होतं. तिनं त्यांचंच पेन घेतलं. मी, रत्नमाला अतुल गजभिये, माझ्या मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी त्याचं वय सव्वा वर्ष जास्त सांगितलं. जन्माचा दाखला घरी असून हरवला असं सांगितलं. थोडं थांबून तिनं आणखी एक ओळ लिहिली: हे मुख्याध्यापकांना दिसलं होतं. मग सही केली. आता सही लहान होती आणि सरळ.

मधुकररावांनी कागद वाचला, घडी केली, फाइलीत ठेवला. मग म्हणाले की मी तुमचं मानतो. पण यादी शाळेच्या दाखल्यावर जाते. दाखला बदलून आणा, शिक्षण विभागातून होतो, दोन-तीन महिने लागतात. या वर्षी मी काही करू शकत नाही.

"तुम्हाले माहीत आहे तो तेराचा आहे."

"आहे."

"तेराच्या पोराले चौतीस पाहिजे. त्यानं पस्तीस मारली."

"मारली."

"अन् तरी नाही."

मधुकररावांनी फाइलीची दोरी बांधली. बाहेर कोणीतरी बॉल आपटत होतं, एकसारखा, ठप ठप ठप. रत्नमालाच्या डोक्यात काय काय आलं होतं, टेबल उलटं करण्यापर्यंत. ती खांबापाशी गेली. यादी अजून तिथंच होती. तिनं धर्मेंद्र सरांचं पेन परत दिलंच नव्हतं.

तिनं १४ वर एक आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि वर १३ लिहिलं. पायात ताकद कमी यावरही रेघ मारली. त्यावर लिहिलं: वयाच्या मानाने बरोबर. बाजूला सही केली आणि तारीख टाकली. एक कारकून धावत आला, बाई हा ऑफिसचा कागद आहे म्हणत.

"घेऊ नका त्याले," ती मधुकररावांकडे पाहून म्हणाली. "तुमचा नियम तुम्ही पाळा. पन कमजोर लिहून मी घरी जाऊ देनार नाही. रजिस्टरात चूक झाली तर अशीच दुरुस्त करतात. एक रेघ, वर बरोबर ते, बाजूला सही. फाडायचं असन तर फाडा, मी अठीच उभी आहे."

मधुकररावांनी कारकुनाला हातानं थांबवलं. यादी फाडली नाही. दुरुस्तीही मान्य केली नाही. ते फक्त संघपालला म्हणाले, की मार्चच्या आत दाखला बदलून घे. बदलला तर सोळाच्या आत तुझ्याकडे दोन वर्षं आहेत, नाही बदलला तर एकच. आणि बेचाळीस कधी येईल हे मला माहीत नाही, कोणाची चौदाव्या वर्षी येते, कोणाची पंधराव्या. संघपालनं मान डोलावली. तो यादीकडे पाहत होता. आईचं अक्षर बरंच मोठं आलं होतं, शेजारच्या रकान्यात घुसलं होतं.

स्टँडवर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बाबाले पाठवजो."

"काहून?"

"तू भांडतेस."

"मंग? न भांडता का मिळालं आजवर?"

"भांडून तरी का मिळालं?" तो म्हणाला.

याला उत्तर तिच्याकडे होतं, पण लांबलचक होतं, आणि एसटी लागली होती. तो आधी चढला, खिडकीशी बसला, आणि बॉलची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. रत्नमाला त्याच्या मागच्या बाकावर बसली. तिचा राग जिथल्या तिथं होता. गुरुजींवर होता, कागदावर होता, त्या ओठ तासलेल्या पोराच्या बापावर होता, आणि या सगळ्यांखाली, पेटीच्या तळाशी असावा तसा, एका सव्वीस वर्षांच्या घाबरलेल्या बाईवर होता. तिच्याशी भांडायची सोय नव्हती.

कंडक्टर आला. रत्नमालानं दोन करडी म्हटलं. त्यानं यंत्र दाबता दाबता गंमत केली, की सरकारची कमाल पहा, आईचं तिकीट अर्धं अन् पोराचं पूर्ण. मग पुढं वाकून संघपालला तिकीट दिलं.

"तेरा पूर्ण," संघपाल म्हणाला.

"मी कुठं वय विचारलं?" कंडक्टर म्हणाला. "बाराच्या वर फुलच लागते."

"माहीत आहे," संघपाल म्हणाला. "तरी सांगून राहिलो."